थीम मुलाच्या उंचीवरून बघा

वाढदिवसाची सजावट पूर्ण झाली की खोलीच्या दारात गुडघ्यांवर बसा आणि समोर बघा. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते. तिथून नुसती टेबलाची कड, खुर्च्यांचे पाय आणि टेबलक्लॉथची झालर दिसत असेल, आणि फुगे, पताका, नावाची अक्षरं सगळी सहा फुटांवर टांगलेली असतील, तर ती थीम मोठ्यांच्या फोटोसाठी झाली. मुलाच्या वाट्याला फार थोडी आली. केकचंही तेच आहे. पाच रंगांची फुलं, सोनेरी पट्ट्या आणि तीन मजले यांपेक्षा ‘तो बघ डायनासोर!’ असं बोट दाखवून म्हणता येईल अशी एक गोष्ट केकवर असली की मूल खूश असतं. पुढचं सगळं या एका गोष्टीच्या हिशेबाने लिहिलं आहे.

थीम ठरवताना घाई नको. तीन वर्षांचं मूल सोमवारी रॉकेट म्हणतं आणि गुरुवारी ससा. एखादं ठरावीक कार्टून पात्र दीड महिना आधी पक्कं केलं, तर वाढदिवसापर्यंत ते मनातून उतरलेलं असण्याची शक्यता बरीच. त्यापेक्षा पसरट विषय घ्यावा: जंगल, समुद्र, अंतराळ, गाड्या, शेतातले प्राणी, पाऊस. ऐन वेळी हत्तीऐवजी माकड हवं झालं तरी बाकीची तयारी वाया जात नाही. रंग तीनच ठेवा, दोन मुख्य आणि एक ठसठशीत. जंगलाला हिरवा आणि मातकट, त्यावर पिवळा. चौथा रंग आला की पसारा दिसायला लागतो. पहिल्या वाढदिवसाची थीम मात्र आईबाबांचीच असते, ते मान्य करून मोकळं व्हावं.

आता केक. सगळे आधी डिझाइन ठरवतात आणि तिथेच फसतात. आधी तीन गोष्टी बघायच्या: केक किती तास बाहेर राहणार, किती लांब न्यायचा आणि हवा किती गरम. बाहेरचं आवरण त्यावरून ठरतं. व्हिप्ड क्रीम हलकं, कमी गोड आणि मुलांना आवडणारं, पण फ्रिजबाहेर त्याचा टिकाव नाही. ताज्या क्रीमचा केक दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात संपवावा किंवा आत ठेवावा. बटरक्रीम जास्त दम धरतं, पण शेवटी ते लोणीच. ३२ ते ३५ अंशांना लोणी वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडून कडा ढळायला लागतात. उकाड्यात सगळ्यांत भरवशाचं गनाश: डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग, व्हाइट चॉकलेट असेल तर तीनास एक. फाँडंट, म्हणजे पोळीसारखी लाटून केकवर पसरायची साखरेची कणीक, दिसायला गुळगुळीत, पण बहुतेक मुलं ते सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात. म्हणून पूर्ण केक फाँडंटने मढवण्यापेक्षा बटरक्रीमचा केक आणि वर फाँडंटच्या दोन-तीन आकृत्या, हे मला केव्हाही बरं वाटतं.

व्हिप्ड क्रीमवर फाँडंट लावू नका. फाँडंट म्हणजे जवळजवळ सगळी साखर आणि साखर ओलावा ओढते. क्रीममधलं पाणी शोषून आकृती आधी चिकट होते, मग घसरते. खाण्याच्या कागदावर छापलेल्या चित्राचंही तसंच. वेफर पेपर ओलाव्याने सुरकुततो, म्हणून तो अगदी शेवटी लावावा. आयसिंग शीट, म्हणजे छापलेला साखरेचा पातळ पापुद्रा, बटरक्रीमवर छान बसते, मात्र फ्रिजमधल्या दमटपणाने तिचे रंग ओघळू शकतात.

किती मोठा केक लागेल, याचा अंदाज बहुतेक वेळा चढा निघतो. १० सेंटिमीटर उंचीच्या केकचे १५ सेंटिमीटर व्यासात १० ते १२ तुकडे होतात, २० सेंटिमीटरमध्ये २० आणि २५ सेंटिमीटरमध्ये २८ ते ३०. मुलं त्यातला अर्धाच खातात. टिन बदलला की कृतीचं प्रमाण व्यासाच्या वर्गाने बदलतं, हे लक्षात ठेवलं तर चुका टळतात. १५ चा टिन २० चा केला तर मिश्रण सव्वापट लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात पावणेदोन पटीपेक्षा थोडं जास्तच लागतं (२२५ ला ४००).

२० सेंटिमीटरच्या दोन टिनांसाठी लोणी, साखर आणि मैदा प्रत्येकी २२५ ग्रॅम, ४ अंडी, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, २ मोठे चमचे दूध. हा स्पंज घट्ट असतो, कापायला आणि आकार द्यायला सोपा. लोणी-साखर पाच मिनिटं फेटा, अंडी एकेक करून घाला. अंडी फ्रिजमधून थेट घातली तर मिश्रण फाटतं. तसं झालं तर त्यात चमचाभर मैदा घालून पुढे जा. १८० अंशांवर २२ ते २५ मिनिटं. मधोमध डोंगर आला तर ओव्हन जास्त तापलेला होता, कडा आधी बसल्या आणि मधलं मिश्रण वर ढकललं गेलं. मध्ये खड्डा पडला तर एकतर ओव्हन लवकर उघडला, नाहीतर बेकिंग पावडर जास्त झाली.

अंड्याशिवाय हवा असेल तर १८ सेंटिमीटरच्या एका टिनाला: मैदा दीड कप, दही १ कप, साखर पाऊण कप, तेल अर्धा कप, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला. दह्यात साखर विरघळवून सोडा आणि बेकिंग पावडर घातली की फेस येतो. तीन-चार मिनिटांनी तेल, मग चाळलेला मैदा, आणि ताबडतोब ओव्हनमध्ये. १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. मिश्रण ओट्यावर पडून राहिलं तर बुडबुडे निघून जातात आणि केक दडदडीत होतो. हा स्पंज नाजूक असतो, त्यातून गाडी किंवा प्राणी कोरायला जाऊ नका, भुगा होईल.

एक केक सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. डायनासोरची थीम, २० सेंटिमीटरचा गोल केक.

आकृती चार दिवस आधी करायची. १२० ग्रॅम फाँडंटमध्ये अर्धा छोटा चमचा टायलोज किंवा सीएमसी पावडर मळून घ्या, म्हणजे ते कडक वाळतं. धड नाशपातीच्या आकाराचं, निमुळतं टोक ओढून शेपूट. त्याला ६५ ग्रॅम लागतं. डोक्याला २५, चार पायांना ५-५ ग्रॅम आणि उरलेल्यातून पाठीवरचे त्रिकोण. दोन पायांवर उभा डायनासोर दिसतो रुबाबदार, पण डोक्याच्या वजनाने पुढे झुकतो. चार पायांचा किंवा बसलेला करा. मानेत आधाराला टूथपिक घालू नका, कच्च्या स्पॅगेटीचा तुकडा घाला. उघड्या खोक्यात, सावलीत वाळवा. फ्रिजमध्ये ठेवलात तर वाळणं राहिलं बाजूला, आकृतीला घाम फुटेल.

आदल्या दिवशी सकाळी स्पंज. गार झाले की क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून दोन तास फ्रिजमध्ये, कारण गार स्पंज कापताना भुगा कमी पडतो. वरचा उंचवटा कापून प्रत्येकाचे दोन असे चार थर करा. बटरक्रीमसाठी ३५० ग्रॅम लोणी सात मिनिटं फेटा, पांढुरकं होईपर्यंत. मग ७०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर तीन वेळा मिळून, आणि दोन-तीन चमचे दूध. साखर चाळली नाही तर कण लागतात. शेवटची दोन मिनिटं यंत्र बाजूला ठेवून उलथन्याने वाटीच्या कडेला दाबत ढवळा, नाहीतर केकच्या पृष्ठभागावर हवेची भोकं दिसतात.

थरांत जॅम घालायचा असेल तर आधी कडेने बटरक्रीमचं जाड वेटोळं पायपिंग बॅगने काढा आणि जॅम त्याच्या आत भरा. हा बांध नसला तर जॅम बाहेर येतो. चारही थर रचून झाले की लगेच बाहेरून लिंपू नका. तीन-चार तास फ्रिजमध्ये बसू द्या. थर आपल्या वजनाने दबतात. लिंपल्यानंतर दबले तर केकच्या पोटाला फुगवटा येतो आणि तो नंतर काही केल्या जात नाही.

मग पातळ पहिला हात, म्हणजे क्रम्ब कोट. यासाठी बटरक्रीम वेगळ्या वाटीत काढून घ्या. एकदा भुगा लागलेली सुरी मुख्य वाटीत बुडली की सगळं क्रीम ठिपक्याठिपक्यांचं होतं. अर्धा तास फ्रिज, मग दुसरा हात. टर्नटेबलवर (फिरत्या थाळीवर) पट्टी उभी धरून केक फिरवायचा. पट्टी फिरवत बसलं की लाटा येतात.

वर चुरलेली चॉकलेट बिस्किटं, ती माती. कडेला हिरव्या बटरक्रीमची पानं, बाजूने प्लास्टिकच्या खेळण्याचा स्वच्छ धुतलेला पाय दाबून उमटवलेली पावलं. डायनासोर शेवटी, निघायच्या आधी. त्याच्या पायांखाली पातळ चॉकलेटची चकती ठेवा, नाहीतर बटरक्रीमच्या ओलाव्याने पाय विरघळून तो आडवा होतो.

रंगाबद्दल थोडं. जेल रंगच घ्या, पातळ रंगाने बटरक्रीम सैल होतं. रंग हवा त्यापेक्षा एक छटा फिका ठेवा, कारण बटरक्रीममध्ये तो काही तासांत गडद होतो. लोण्याच्या पिवळेपणामुळे निळा हिरवटाकडे झुकतो, म्हणून समुद्राच्या थीमला लोणी अगदी पांढरं होईतो फेटावं लागतं. काळा हवा असेल तर पांढऱ्या क्रीमपासून सुरुवात करणं हा वेडेपणा आहे. आधी कोको घालून तपकिरी करा, मग थोडा काळा पुरतो, चव कडू होत नाही आणि मुलांचे दातही काळे होत नाहीत. जांभळ्यातला गुलाबी उजेडात उडतो, आणि दोन दिवस उघड्यावर ठेवलेलं जांभळं फूल निळं झालेलं सापडतं.

आकड्याचा केक करायला सगळ्यांत सोपा. २३ बाय ३३ सेंटिमीटरचा आयताकृती टिन, वरच्या अंड्याच्या स्पंजच्या सव्वापट मिश्रण, आणि कागदावर पूर्ण आकाराचा आकडा काढून कापलेला साचा. देवनागरी आकडा हवा असेल तर ३ ची शेपटी वेगळ्या तुकड्यातून जोडा, अखंड कापायला गेलं की निम्मा स्पंज उरतो. कापलेल्या कडा क्रीमला भुगा सोडतात, त्यामुळे इथे पहिला हात टाळून चालत नाही. बाहुलीचा घेरदार झग्याचा केक वाडग्यात भाजतात. त्याला तापमान १६० वर आणावं लागतं, कारण मधला भाग खोल असतो आणि १८० वर बाहेरून करपून आत कच्चा राहतो. बाहुली कमरेपर्यंत क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळूनच खोचावी.

केक नेताना मांडीवर घेऊ नका. मांडी उतरती असते आणि गरमही. गाडीत पायांपाशी किंवा डिकीत, सपाट जागी, खाली न घसरणारी चटई. केकखालचा बोर्ड केकपेक्षा किमान ५ ते १० सेंटिमीटर मोठा हवा. बटरक्रीमचा केक कापण्याआधी तासभर तरी बाहेर काढा, गार लोण्याचा स्पंज दगडासारखा लागतो. फाँडंट असेल तर खोका बंद ठेवूनच सामान्य तापमानाला येऊ द्या, म्हणजे बाहेरच्या हवेतलं दव खोक्यावर जमेल, केकवर नाही.

आता खाण्यातले धोके, इथे ढिलाई नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, केकमध्ये भाजलेलाही नाही. पाच वर्षांच्या आतल्यांना अख्खे दाणे-सुकामेवा, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, मार्शमेलो नाहीत. द्राक्षं उभी चिरून चार भाग करा, आडवी चिरलेली चकतीही घशात अडकू शकते. केकवरचे मोठे साखरमोती, तारा, टाचण्या मुलांच्या ताटलीत जाता कामा नयेत. चमकीच्या डबीवर नुसतं ‘बिनविषारी’ लिहिलेलं असेल तर ती खाण्याची नव्हे, ‘खाद्य’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. आमंत्रण देतानाच दूध, अंडी, दाणे, गहू, तीळ यांची अॅलर्जी विचारून घ्या, आणि विकत आणलेल्या पदार्थांची वेष्टनं पार्टी संपेपर्यंत फेकू नका.

साखरेने मुलं उधळतात, हे मात्र खरं नाही. १९९५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आधीच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम आढळला नाही. चुकलेली झोप, गर्दी आणि मोठ्या आवाजातलं संगीत मूल बेभान करायला पुरेसं असतं.

म्हणून वेळ झोपेच्या हिशेबाने धरा. एक-दोन वर्षांच्यांना दीड तास, तीन ते पाच वर्षांच्यांना दोन तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही. वय अधिक एक इतकी पाहुणी मुलं हे जुनं गणित पाळणं अवघड आहे, पण दुपटीच्या वर गेलात तर सांभाळायला माणसं वाढवा. पहिली वीस मिनिटं मोकळी ठेवा, कारण सगळे एकदम येत नाहीत. मग खेळ, मग खाणं, आणि केक शेवटच्या अर्ध्या तासात. केक आधी कापला की खाणं कोणी खात नाही.

संगीत खुर्ची चार वर्षांच्या आतल्यांना नको. जो बाद होतो तो रडतो, आणि एक सोडून सगळेच बाद होतात. त्याऐवजी संगीत थांबलं की पुतळा व्हायचं, बाद कोणीच नाही. डायनासोरच्या थीमला बर्फातली अंडी करा. फुग्यात प्लास्टिकचा छोटा डायनासोर घालून मोठ्या संत्र्याएवढं पाणी भरा, गाठ मारून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग फुगा कापून सोला आणि त्याचे सगळे तुकडे मोजून उचला. प्रत्येक मुलाला एक अंडं, खोलगट ताटली, कोमट पाण्याची पिळायची बाटली आणि चिमूटभर मीठ. मीठ बर्फात बारीक वाटा पाडतं आणि तिथून पाणी आत शिरतं. वीसेक मिनिटं मुलं हलत नाहीत. तीन वर्षांच्या आतल्यांसाठी खेळणं टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जात असेल तर ते घेऊ नका.

फुग्यांची कमान करायची असेल तर ५, १० आणि १८ इंची फुगे मिसळा, तीन मीटरला ८० ते १०० लागतात. फुगा नाशपातीसारखा लांबट झाला की हवा जास्त झाली. थोडी सोडून गोल करा, मग तो कमी फुटतो. कमान जमिनीपासून सुरू होऊ द्या, ती मुलांना दिसते. उन्हात लॅटेक्सची, म्हणजे फुग्याच्या रबराची, चमक जाते आणि फुगे पटापट फुटतात. हेलियम भरलेला ११ इंची लॅटेक्स फुगा जेमतेम अर्धा दिवस तरंगतो, म्हणून आदल्या रात्री भरून ठेवू नये. गॅस नक्की कोणता, हे विचारा. स्वस्तात भरून देणारे कधी हायड्रोजन भरतात, आणि मेणबत्तीजवळ तो भडकतो. फोम आणि बर्फाच्या फवाऱ्यांच्या डब्यांतला वायूही बहुधा ज्वलनशील असतो. मेणबत्ती विझेपर्यंत ते डबे मुलांच्या किंवा उत्साही काकांच्या हाती देऊ नका.

फुंकर मारताना थुंकीही उडते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाच्या प्रयोगात फुंकर मारलेल्या आयसिंगवर जिवाणू सरासरी १४०० टक्क्यांनी जास्त आढळले. घाबरण्यासारखं त्यात फार नाही, पण पाहुण्यांत तान्ही बाळं किंवा आजारातून उठलेलं कोणी असेल तर मेणबत्ती वेगळ्या कपकेकवर लावा. केकचं टेबल भिंतीला टेकलेलं हवं आणि टेबलक्लॉथ खाली लोंबणारा नको. दोन वर्षांचं मूल तो धरूनच उभं राहतं.

कापताना आधी टॉपर (वर खोचलेली पाटी), तारा, काड्या काढून मोजा: घातल्या तितक्या निघाल्या पाहिजेत. त्रिकोणी तुकडे करू नका. केकच्या मधून ५ सेंटिमीटर रुंदीच्या समांतर पट्ट्या आणि त्यांचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे, लांब सुरी दर वेळी गरम पाण्यात बुडवून पुसत. लहान हातात असा तुकडा उभा धरता येतो. आणि भांडण हमखास होतं ते डायनासोरवरून. केकवर तो एकच असतो आणि मुलं सात. फाँडंट मळतानाच थोडं जास्त मळून मुलांइतकी ठिपकेदार अंडी वळून ठेवा, नावाच्या चिठ्ठ्यांसकट. डायनासोर वाढदिवसाच्या मुलाला, अंडं प्रत्येकाला.